तीन सूत

दिग्या, तुझे ते दोन पट्टे अजून माझ्या दुकानात खिळ्यालाच लटकलेत. काळे, लोखंडी बकलाचे, जीपच्या सीटचे, नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून मी स्वतः निवडून आणलेले. दर खेपेला तू त्यांच्याकडे बघून म्हणायचास, "असू दे आक्का, पुढच्या टायमाला नेतो." संक्रांत गेली, होळी आली, तुझा पुढचा टाइम काही आला नाही. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसमतला परत येऊन दुकान उघडलं. शटर वर केलं आणि पहिली नजर त्या पट्ट्यांवरच गेली. मला रडू आलं नाही, राग आला. इतका, की समोर गिऱ्हाईक उभं असताना मी त्या पट्ट्यांकडे बघून "मर मेल्या" म्हणाले. मग आठवलं, की तू मेलाच आहेस.

गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. तेराव्याला सगळे तुझं चांगलंच बोलले. दिगंबर म्हणजे लाखातला माणूस, कधी हाक मारा, जीप घेऊन हजर, कुणाला दुखवून बोलणं नाही. मी आत बायकांत बसून ऐकत होते आणि दातओठ खात होते. लाखातला होतास तर कमरेला एक पट्टा आवळायला काय धाड भरली होती? सगळ्यांचं झालं असेल चांगलं बोलून, तर आता मला बोलू दे. मी तुझी मोठी बहीण आहे, तुला बोलायचा हक्क माझा तेराव्यानं संपत नाही.

बोअरमधली मोटार जळाली की औंढ्यापासून पार सेनगाव-पुसेगावपर्यंतचे शेतकरी तुला फोन लावायचे. तू जीपवर चेनपुली आणि ती तीन पायांची लोखंडी घोडी टाकून शिरड शहापूरहून निघायचास. वावरातल्या बोअरला कुठला आलाय रस्ता. बांध, नाले, दगडगोटे. जीपचे दरवाजे तर तू कधीच काढून ठेवले होतेस, सारखं चढायला-उतरायला बरं पडतं म्हणून. पायदानाखालचा पत्रा दोन्ही अंगांनी असा चेपला होता, की पाय ठेवायला सरळ जागा उरली नव्हती.

मग कुठून तरी तुझ्या मोबाईलवर त्या डोंगरातल्या गाड्या आल्या. दोन्ही बगलांना जाड नळ्या बसवलेल्या, गार्ड म्हणतात त्यांना. गाडी दगडावर टेकली तरी पत्र्याला काही होत नाही, नळीवरून घसरून पुढे जाते. तू तो व्हिडिओ दुकानात येऊन मला तीनदा दाखवलास.

"बघ आक्का, गाडीच्या बरगड्या कशा झाकल्या यानं. आपुन बी बनवू. बाजारातलं न्हाई, घरचं."

"आणि तुझ्या बरगड्या?" मी विचारलं.

तू हसलास. तुझं ते हसणं आठवलं की आता कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या भाऊबीजेला मी शिरडला आले, तर तू घरात नाहीस. ताट तयार, तुझी शारदा दारात उभी, आणि तू सणासुदीचा हमीदभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. मी ताट उचललं आणि तिथेच आले. जुन्या बोअरमधून निघालेले लोखंडी पाइप तू किती वर्षं घरामागे जमवून ठेवले होतेस. लोकांनी प्लास्टिकचे घातले आणि हे तुला नेऊन टाक म्हणाले. त्यातले चार चांगले निवडून तुम्ही दोघं त्यात कोरडी वाळू ठासत होता. पाइप नुसता वाकवला तर मध्ये चेपतो, वाळू भरून लाल केला तर गोल वळतो, हे तू मला ताट हातात असतानाच समजावून सांगायला लागलास. दोन्ही तोंडांना ठोकायच्या लाकडी खुंट्या तू आपल्या अप्पांच्या रंध्यानं तासल्या होत्यास. वेल्डिंगच्या धुरानं घसा धरतो म्हणून हमीदभाईंनी गुळाची ढेप फोडून ठेवली होती. त्यातला खडा तू तोंडात टाकलास आणि एक माझ्या ताटात, पेढ्याच्या शेजारी ठेवलास.

"चल, ओवाळते," मी म्हणाले.

"हात काळे हायत आक्का."

"मी तोंड ओवाळते, हात नाही."

हमीदभाई पुढं आले. "मलाबी लाव आक्का. मी काय परका हाव का?" दोघांना ओवाळलं. तू खिशात हात घातलास. मी म्हणाले, "नोट नको. ओवाळणीत एकच दे. या गाडीला पट्टे बसव. आणून मी देते." तू काळी बोटं ताटाच्या काठाला लावून म्हणालास, "दिलं. आधी गार्ड, मंग पट्टा." ताटावर तुझ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते मी वसमतला आल्यावर राखेनं लख्ख घासून काढले. आता वाटतं, हात का नाही झडले माझे.

ओवाळणी बुडवलीस, दिग्या. एवढ्या वर्षांत कधी बुडवली नव्हतीस.

आता सुताचं सांगते. तुला काय सांगायचं म्हणा, तुझा तर तो धर्म होता. आपण सुताराची पोरं. आठ सूत म्हणजे एक इंच, हे आपण बाराखडीच्या आधी शिकलो. अप्पा आपल्याला डोळे मिटायला लावायचे, हातात फळीचा तुकडा द्यायचे आणि विचारायचे, किती सुताची? तू बोटात धरून सांगायचास आणि ते बरोबर निघायचं. मी चुकायचे, पण कबूल करायचे नाही. फळीच एका बाजूला झिजलीय म्हणायचे. अप्पा हसून म्हणायचे, "आक्कीला चूक दाखवायची म्हंजे वारुळात हात घालायचा." घरात तो वाक्प्रचारच झाला होता. भाजी खारट झाली तरी तुम्ही बापलेक एकमेकांकडे बघून म्हणायचात, "जाऊ दे, वारूळ हाय."

पुढे हे साखर कारखान्यात नोकरीला लागले आणि हार्डवेअरचं दुकान पहिल्यापासून माझ्या हातात आलं. माल मिलिमीटरमध्ये येतो, बिल मिलिमीटरमध्ये होतं, कॉम्प्युटरला सूत कळत नाही. तू मात्र शेवटपर्यंत सुतात मागायचास. मी म्हणायचे, जग कुठं चाललंय आणि तू अजून अप्पांच्या पेटीत बसलायस. तू म्हणायचास, मिलिमीटर बोटाला लागत न्हाई. मापांवरून आपलं सूत कधी जुळलंच नाही. हे भांडण आपण म्हातारपणीही करत बसू असं मी धरूनच चालले होते.

भाऊबीजेनंतर आठवडाभरानं तुझा व्हॉट्सॲपवर आवाज आला. गार्डाचे पाइप चेसिसला धरून ठेवायला प्लेटा हव्या होत्या, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. दुकानात गर्दी होती. एक कान गिऱ्हाइकाकडे, एक तुझ्याकडे. आठ प्लेटा, चार बाय पाच, तीन... कळलं मला, म्हणून मी आवाज बंद केला, तीनच्या आठ प्लेटा कापल्या, सुतळीनं बांधल्या आणि संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हातात दिल्या. तुझ्या मालाला मी कधी उशीर केला नाही, हे तरी कबूल कर.

दोन दिवसांनी तू स्वतः आलास. "आक्का, अजून आठ दे. तसल्याच."

"काहून? आठ पाठवल्या की."

"कमी पडल्या."

"आठ लागायच्या तिथं आठ पाठवल्या, तर कमी कशा पडतात?"

"हिसाब चुकला माझा."

दिल्या. चार दिवसांनी पुन्हा हजर. "अजून आठ." त्या दिवशी बाजाराचा दिवस, दुकानात पाचसहा माणसं. मी तुला फाडून खाल्लं. आता लिहिताना ते सगळं आठवतंय आणि ते मी लिहिणार आहे. मी म्हणाले, "चौथीतलं पोरगंबी बराबर मोजंल. गार्ड बसवून राहिलास का घरावर पत्रे घालून राहिलास? अप्पांनी एवढं शिकवलं, ते काय भट्टीत घातलंस?" तुझे केस पांढरे व्हायला लागले होते आणि मी तुला चौथीतल्या पोराची उपमा देत होते. एक जण, नेहमीचं गिऱ्हाईक, म्हणाला, "आक्का, भाऊ तुमचा जरा अर्धाच दिसतो." सगळे हसले. तूही हसलास. कान खाजवत म्हणालास, "व्हय बाबा, अर्धाच हाव मी. चुकलं माझं. दे आक्का, आठ दे."

किती पटकन म्हणालास. चुकलं माझं. पाणी दे म्हणावं तसं.

मार्गशीर्षात एका दुपारी तू जीप घेऊन दुकानासमोर आलास. दोन्ही बाजूंना गार्ड, पोपटी रंगाचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तू मला बाहेर बोलावलंस आणि म्हणालास, "उभी ऱ्हा त्याच्यावर." मी काय कमी वजनाची बाई आहे? पदर खोचून उभी राहिले, दोनदा उडी मारल्यासारखं केलं. गार्ड जरासुद्धा हललं नाही. वळणं अशी गोल, की चेपल्याची खूण नाही. वेल्डिंगची रेघ एकसारखी. अप्पांनी केलेल्या चौकटी अशा असायच्या, एकाही सांध्यात नख शिरायचं नाही. माझा ऊर भरून आला होता, दिग्या. आणि मी काय म्हणाले? "पोपटी रंग कशाला दिलास? गाडी आहे का पोपटाचा पिंजरा?" चांगलं झालंय एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तू ओशाळून हसलास आणि जायला निघालास. मी ओरडले, "आणि पट्टे?"

"पुढच्या टायमाला!"

होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. पुसेगावच्या अलीकडे एका नाल्यातून जीप चढवताना डावं अंग मोठ्या दगडावर गेलं. गाडी कलंडली, क्षणभर दोन चाकांवर राहिली आणि परत चारी चाकांवर आली. गाडी आली, तू आला नाहीस. तू उजव्या अंगानं बाहेर फेकला गेलास. दगडावर डोकं. ज्यांच्या बोअरची मोटार काढायला निघाला होतास त्यांनीच तुला हिंगोलीला नेलं. पोचेपर्यंतही थांबला नाहीस.

दहाव्याला घाटावर कुणीतरी बोललं, "गार्ड निसटलं म्हने. घरी बनवलेलं त्ये, कंपनीचं थोडंच हाय." मी तिथल्या तिथं खेकसले त्याच्यावर, सुतावरून स्वर्ग गाठू नका म्हणून. पोलिसांनी सोडलेली जीप तोवर तुझ्या घरामागे आणून लावली होती, वर ताडपत्री. मी तेरा दिवस शिरडला होते, पण ती ताडपत्री उचलून बघायची माझी छाती झाली नाही.

आणि मग दुकान उघडलं त्या दिवशी, पट्ट्यांना शिव्या देऊन झाल्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मोबाईल काढला. तुझा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही. एकेक जुना निरोप लावत गेले. आक्का, बिजागऱ्या पाठव. आक्का, शारदेनं तुला लोणचं दिलं, एसटीत ठेवलं बघ. आक्का, काहून फोन उचलून न्हाई राहिली? आणि मग तो आला. प्लेटांचा. तो मी शेवटपर्यंत पहिल्यांदाच ऐकला.

"आक्का, आठ प्लेटा पाठव, चार बाय पाच, तीन सुती. सुती म्हनलो, बराबर ऐक. तुझ्या त्या मिलिमीटरच्या नादी लागू नको. तीनची पातळ पडंल, दगडावर मुडपंल."

दिग्या, मी तो परत लावला, शेवटपर्यंत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मी पाठवली तीन मिलिमीटर. सुताराच्या मुलीनं. जिच्या भावानं सुती म्हणून बजावून सांगितलं, तिनं तीन ऐकून आवाज बंद केला. एक निरोप पुरा ऐकायला किती लागतं? आणि घाटावरचा तो माणूस माझ्या कानात बोलायला लागला, गार्ड निसटलं म्हने. ज्याच्यावर मी खेकसले, त्याचंच खरं निघालं तर? पातळ प्लेट मुडपली असेल, गार्ड सुटलं असेल, म्हणून गाडी कलंडली असेल, तर माझ्या भावाला मी मारलं. त्या दिवशी घरी जेवले नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, डोकं दुखतंय. तेव्हाही चुकलं म्हणता आलं नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं शिरडला आले. पिशवीत दुकानातला जाडी मोजायचा व्हर्निअर आणि बॅटरी. घरात न जाता सरळ मागे गेले आणि ताडपत्री ओढली. शारदा धावत आली. मी पदर कमरेला बांधून जमिनीवर आडवी होत होते.

"आक्का, तुमी काहून गाडीखाली जाता? पाठ धरंल तुमची. काय बघायचंय?"

"काही नाही. तू घरात जा."

ती गेली नाही. मी गाडीखाली शिरले. दिग्या, डाव्या गार्डावर दगडाचा ओरखडा आहे, हातभर लांब. पोपटी रंग निघून लोखंड चमकतंय. पण गार्ड जागच्या जागी आहे. एक बोल्ट ढिला नाही. वरचा पत्रा तू ठोकून सरळ केला होतास तसाच सरळ आहे, त्याला पोचासुद्धा नाही. तुझ्या गाडीच्या बरगड्या शाबूत आहेत. मी प्लेटेला व्हर्निअर लावला. तीन यायला हवं होतं. साडेनऊला जरासं कमी आलं. मला वाटलं माझं चुकलं, परत लावला. तेवढंच. मग बॅटरी जवळ नेऊन कडेला रंग खरवडला. आत दोन रेघा दिसल्या. एकावर एक तीन प्लेटा. कडांनी वेल्डिंग भरून, ग्राइंडरनं घासून, वरून रंग दिलेला. आठ जागी आठ थप्प्या. आठ त्रिक चोवीस. आठ मी पाठवल्या, आठ तू पहिल्यांदा नेल्यास, आठ दुसऱ्यांदा.

तुला हिसाब येत नव्हता म्हणून मी भर बाजारात तुझी लाज काढली, तो हा हिसाब.

मी तशीच पडून राहिले. शारदेला वाटलं मला भोवळ आली. तिनं हमीदभाईंना हाक मारली. ते आले, खाली वाकले आणि माझ्या हातातला व्हर्निअर बघून सगळं समजले.

"बाहेर या आक्का," ते म्हणाले. "आज ना उद्या कळनारच होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पार्सल सोडलं तवाच. मी म्हनलो, ये तीन सुती न्हाई, परत भेज. तो म्हनला, परत पाठवली तर आक्काला लागंल. ती दुकानदारीन हाय, सुताराची पोरगी हाय, तिला लई तकलीफ होईल. तीनावर तीन, वर अजून तीन ठेवू, काम बराबर होतंय. एकदम सोळा मागितल्या तर ती वळखंल, आठ-आठ आनतो. मला कसम घातली, आक्काला बोलू नको."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, हे कबूल करते. गार्ड टिकलं. माझ्या पातळ प्लेटांनी तुला मारलं नाही. क्षणभर मी तुझे उपकार मानले, मनातल्या मनात तुझ्या पाया पडले. आणि लगेच असा संताप आला, की ते गार्ड उपटून फेकावं. कुणी सांगितलं होतं तुला माझी लाज राखायला? मी मागितली होती का? फोन करून दोन शब्द बोलायचे होतेस, आक्का, चुकलीस. मी आदळआपट केली असती, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तीन सुती प्लेटा घेऊन स्वतः आले असते. बहीण-भावात एवढंही चालत नाही का?

मग मी हमीदभाईंना विचारलं, जे विचारायला नको होतं. "पट्टे का नाही बसवले? गार्ड झालं होतं की मार्गशीर्षात."

हमीदभाई जमिनीकडे बघायला लागले. शारदाच बोलली. "सांगा भाई. आता काय लपवायचं."

"पट्टा नुसत्या पत्र्याला बांधून भागत न्हाई आक्का," ते म्हणाले. "झटका बसला की पत्र्यासकट उपटून येतो. खालून जाड प्लेट लागते. तीन सुती, चार नग. मी म्हनलो, आक्काकडून मागव. तो म्हनला, आता तीन सुती मागितली की तिला मागचं उमगंल. मी म्हनलो, मंग तसल्याच तीन-तीन लावू. तो म्हनला, अजून बारा मागितल्या तर ती इचारल्याबिगर ऱ्हानार न्हाई, काहून म्हनून. नांदेडला गेलो की तिकडनंच आनतो म्हनला. जानं झालंच न्हाई त्याचं."

ऐकलंस? चार प्लेटा. माझ्या दुकानात मागच्या भिंतीला तीन सुती पत्रा उभा आहे. वर्षभर तिथंच आहे. त्या पत्र्यापासून हाताच्या अंतरावर ते पट्टे लटकलेत. तू दर खेपेला येऊन दोन्हीकडे बघायचास आणि काही न घेता जायचास. वारुळात हात नको म्हणून. अरे, हात घालायचा होतास! चावले असते, सुजला असता हात, मेला तर नसतास. तू मला एवढं घाबरत होतास? का एवढा जीव लावत होतास? मला यातलं एक काहीतरी नीट ठरवता यायला हवं होतं, म्हणजे मी एकतर तुझ्यावर नाहीतर स्वतःवर चिडले असते. तू तीही सोय ठेवली नाहीस.

शारदेनं चहा ठेवला. मी तिला म्हणाले, "ही गाडी विकून टाक. डोळ्यासमोर नको."

"न्हाई आक्का," ती म्हणाली. "लोकं फोन करून राहिलेत. चेनपुली मला येती, चार वर्सं मीच तर ओढत होते त्यांच्यासंगं. हमीदभाई गाडी शिकवतो म्हनले. पन..." ती थांबली. "पन पट्टा पायजे मला. तेवढं तुमी बघा."

तुझ्या बायकोला एका वाक्यात मागता आलं. पट्टा पायजे मला. तिला माझी भीती वाटली नाही, आणि तू माझ्या पाठचा.

आज सकाळी मी दुकानात मागचा तीन सुती पत्रा काढला. माणसाकडून नाही, स्वतः कटरवर धरून चार तुकडे कापले. प्रत्येकावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, तीन सूत. खिळ्यावरचे पट्टे काढले, फडक्यानं पुसले, प्लेटांबरोबर सुतळीनं बांधले. एसटीत देणार नाही, उद्या घेऊन मीच जाणार आहे. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. तोच नेहमीचा माणूस आला होता, ज्यानं तुला अर्धा म्हटलं होतं. गाठोड्याकडे बघून म्हणाला, "आक्का, वाईट झालं हो. भाऊ तुमचा जरा बिनहिशेबी होता, पन माणूस चांगला."

तो काही वाईट बोलला नाही. उलट सांत्वनच करत होता. पण माझ्या हातातली सुतळी तिथंच थांबली. पाचसहा जण उभे होते, तेवढेच असतील त्या दिवशीसुद्धा. मी म्हणाले, "त्याचा हिशेब बरोबर होता. त्यानं तीन सूत मागितलं होतं, मी तीन मिलिमीटर पाठवलं. चुकले मी. आणि इथं, या जागेवर, माझ्या चुकीसाठी मी त्याला तुम्हा सगळ्यांसमोर चौथीतलं पोरगं म्हणाले."

 एक जण खिळे मोजून घेत होता, तो थांबला. मग त्या माणसानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आक्का. द्या, मला एक पाव किलो चुका द्या." मी खिळे तोलले.

म्हटलं, दिग्या. भर दुकानात, शुद्धीवर, पहिल्यांदा. चुकले मी. म्हणायला वेळसुद्धा लागला नाही. एवढं ऐकायला तरी थांबायचं होतंस.